दोन पडदे, तीन वह्या

संगणकाला दुसरा पडदा जोडणे हा साहित्याच्या अभ्यासकाने लिहिण्याचा विषय नव्हे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. शेअर बाजाराचे आलेख पाहणारे, इमारतींचे आराखडे काढणारे, चित्रफितींचे संकलन करणारे यांच्या टेबलांवर दोन-दोन मॉनिटर असतात, हे समजण्यासारखे आहे. मराठीच्या अध्यापकाला मात्र एक पडदा पुरावा, कारण तो एका वेळी एकच पुस्तक वाचतो, असा एक समज आहे. हा समज खरा नाही. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीसाठी ज्याने राजवाडे प्रत आणि सांप्रदायिक प्रत शेजारी-शेजारी ठेवली असेल, किंवा एखाद्या कथेचे मासिकातील रूप आणि संग्रहातील रूप ताडून पाहिले असेल, त्याला ठाऊक असते की आपले टेबल पहिल्यापासून दोन पुस्तकांचेच आहे. संगणक घरात आला तेव्हा हे टेबल अरुंद झाले, आणि आपण त्या अरुंदपणाला नकळत सरावलो, इतकेच.

तशी ही सोय जुनी आहे. १९८७च्या ‘मॅकिंटॉश टू’ या संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडता येत होते. ‘विंडोज ९८’पासून ती सोय सर्वसाधारण संगणकांवरही आली. आमच्या घरी ती पोचायला मात्र एक निमित्त घडावे लागले. ते निमित्त म्हणजे तीन वह्या.

या वह्या आमच्यापैकी एकीच्या आईच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सासूबाईंच्या. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. गावातील बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी उतरवून ठेवल्या. पहिल्या वहीवर १९७४ साल आहे, तिसरीच्या शेवटच्या पानावर १९८६. दोनशे पानी वह्या, एकरेघी, शाईचा पेन. त्या गेल्यानंतर वह्या आमच्याकडे आल्या. शाई फिकट होत चालली आहे आणि नातवंडांना ते वळण वाचता येत नाही. तेव्हा या ओव्या टंकलिखित करून निदान घरापुरती एक पुस्तिका करावी, असे आम्ही ठरवले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक असल्यामुळे काम सोपे जाईल, अशी घरच्यांची कल्पना होती.

वह्यांची सर्व पाने दिवसाच्या उजेडात फोनवर टिपून घेतली. एका पडद्यावर हे काम करायचे म्हणजे पानाचे छायाचित्र पाहायचे, ओळ ध्यानात ठेवायची, खिडकी बदलायची, ओळ टंकायची आणि पुन्हा मागे जायचे. या जाण्या-येण्यात क्षणभराचाच अवधी असतो. परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीने त्या क्षणातच सारे काही घडते. डोळ्यांनी उचललेली ओळ बोटांपर्यंत पोचेतो स्मरणात राहते, आणि मराठीच्या अध्यापकाचे स्मरण काही कोरे नसते. तेथे प्रमाण भाषा ठाण मांडून बसलेली असते. ‘मले’ असे वाचलेले तेथून ‘मला’ होऊन बाहेर पडू पाहते; ‘माह्या’चे ‘माझ्या’ होऊ लागते. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक सांगत असे की, जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. त्या विनवणीत विनय असेल, पण मानवी स्मरणाचा अनुभवही आहे. आज या स्मरणाच्या मदतीला संगणकही येतो. कळफलक प्रमाण रूप सुचवतो, आणि वऱ्हाडी शब्द टंकला की त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते. तपासलेल्या उत्तरपत्रिकेचीच आठवण यावी, अशी ती रेघ असते.

यावर जुना उपाय आहे, आणि तो दोन माणसांचा आहे. छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, ही रीत होती. मोठ्या प्रमाणावरील रुजुवातीचे आपल्याकडचे थोर उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले, वि. स. सुखठणकरांनी १९२५मध्ये त्याची सूत्रे घेतली; आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सारे काम १९६६मध्ये. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. श्लोक ताडून पाहण्यासाठी आखीव कागद असत. प्रचलित संहितेतील श्लोक वरच्या ओळीत एकेक अक्षर सुटे करून लिहायचा, आणि निरनिराळ्या प्रतींतील भेद त्या-त्या अक्षराखाली नोंदवायचा. प्रत्येक प्रतीसाठी एक आडवी ओळ, प्रत्येक अक्षरासाठी एक उभा रकाना. विद्यार्थ्यांना पाठभेद शिकवताना आम्ही या कागदांचे वर्णन नेहमी करतो. त्यांतील मर्म हे की, दोन प्रतींमध्ये स्मरणाला जागाच ठेवलेली नाही. एकीवरून दुसरीवर जायला नजरेला बोटभर अंतरही पडत नाही.

दुसऱ्या पडद्याची कल्पना आम्हांला येथून सुचली. जुना, जवळजवळ चौरस, एकोणीस इंची मॉनिटर माळ्यावर होताच; नवा, चोवीस इंची, रुंद मॉनिटर विकत आणला. जुन्याला फक्त व्हीजीए जोडणी, आणि आमच्या संगणकाला एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट. नुसती वायर बदलून हे दोन्ही जुळत नाहीत, कारण एकाचा संकेत अॅनालॉग आणि दुसऱ्याचा डिजिटल. मध्ये एक लहानसा कन्व्हर्टर लागतो, त्याच्या पोटात संकेत बदलणारी चिप असते. काही शे रुपयांत तो मिळाला. दुकानातल्या मुलाने हे आम्हांला जितक्या सोप्या शब्दांत सांगितले, तितक्या सोप्या शब्दांत भाषांतराचा सिद्धान्त आम्हांला वर्गात सांगता आलेला नाही.

जोडणी झाली की संगणक एक प्रश्न विचारतो. विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबले की पर्याय दिसतात, त्यांतील दोन महत्त्वाचे: ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’. पहिल्यात दुसऱ्या पडद्यावर पहिल्याचीच प्रतिकृती उमटते. वर्गात प्रोजेक्टर लावताना आपण तेच करतो. दुसऱ्यात टेबल रुंदावते, एका पडद्याच्या काठावरून बाण सरळ दुसऱ्यावर जातो. आम्हांला अर्थातच ‘एक्स्टेंड’ हवे होते. मग सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात, एक आणि दोन असे आकडे घातलेले. टेबलावर पडदे जसे मांडले असतील तसेच हे चौकोन ओढून मांडावे लागतात. डावीकडचा मॉनिटर तेथे उजवीकडे राहिला, तर बाण भलत्याच काठाशी अडून बसतो.

पान उभे, पडदा आडवा, ही संगणकावरील वाचनाची जुनी अडचण आहे. नव्या मॉनिटरचा स्टँड फिरणारा होता. तो नव्वद अंशांत उभा केला आणि सेटिंगमध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडले. वहीचे अख्खे पान आता उभ्या पडद्यावर मावू लागले, आणि तेही आडव्या पडद्यावर मावे त्याच्या सव्वा ते दीडपट मोठे. शेजारचा जुना मॉनिटर टंकनासाठी ठेवला. उभ्या पडद्याची उंची १९२० बिंदू, जुन्याची १०२४; त्यामुळे उभ्या पडद्याच्या ८९६ बिंदूंच्या काठापलीकडे काहीच नाही, तेथे बाण भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. दोन्ही चौकोनांचे मध्य जुळवले की हे फारसे जाणवत नाही. मॉनिटरची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीत, अंतर हातभर, आणि ज्या पडद्याकडे अधिक वेळ पाहायचे तो अगदी समोर, ही पथ्ये मानेसाठी पाळावी लागतात. आमच्या बाबतीत समोरची जागा वहीला मिळाली.

एक मर्यादा येथेच नमूद करायला हवी. दोन मॉनिटर एकच रंग सारखा दाखवत नाहीत. आमच्या जुन्यावर सारे काही किंचित पिवळसर दिसते, आणि निळी शाई काळीकडे झुकते. वहीतील दुरुस्ती त्याच शाईत केली आहे की दुसऱ्या, म्हणजे त्याच बैठकीत केली की मागाहून, हे ठरवायचे तर कोणत्याच पडद्यावर विसंबता येत नाही. वही हातात घेऊन खिडकीपाशी जावे लागते. पडदे दोन झाले तरी मूळ प्रत टेबलावरून हलवता आली नाही.

आता वह्यांविषयी. पहिल्या वहीत ठिकठिकाणी खाडाखोड आहे. लहानशा पडद्यावर ती केवळ खाडाखोड वाटत होती. मोठ्या केलेल्या पानावर त्या रेघांखालचे शब्द वाचता येऊ लागले, आणि खोडण्याला एक नियम आहे असे दिसले. खोडलेले ‘माह्या’, वर लिहिलेले ‘माझ्या’. खोडलेले ‘मले’, वर ‘मला’. ‘तुले’ खोडून ‘तुला’. शाई बहुतेक ठिकाणी तीच. म्हणजे आई प्रथम ऐकलेले लिहीत होत्या, आणि लगेच त्यांच्यातील शिक्षिका ते तपासत होती. यात नवल काहीच नाही. दिवसभर मुलांच्या पाट्यांवरचे आणि वह्यांतले ‘मले’ दुरुस्त करणे हे त्यांचे कामच होते. त्याच मुलांच्या आया आणि आज्या या ओव्या सांगणाऱ्या होत्या.

मूळ आणि प्रतिलिपी शेजारी ठेवण्यासाठी दुसरा पडदा घेतला होता. एके दिवशी दोन्ही पडद्यांवर वहीचीच पाने उघडली, एकावर पहिल्या वहीचे, दुसऱ्यावर तिसऱ्या वहीचे, आणि जे सुटे-सुटे पाहताना ध्यानात येत नव्हते ते एकत्र दिसले. तिसऱ्या वहीत खाडाखोड नाही. पण ‘माह्या’ आहे, ‘मले’ आहे, आणि ते तसेच राहिलेले आहे. मग दुसऱ्या वहीची पाने क्रमाने लावत गेलो. तिच्या पूर्वार्धात दुरुस्त्या आहेत, मध्याच्या सुमारास त्या विरळ होतात, आणि पुढे थांबतात. कोठेही त्याचे कारण लिहिलेले नाही. शाळेतील नोकरी तर चालूच होती. पाट्यांवरचे ‘मले’ दुरुस्त होतच असणार. वहीत मात्र त्यांनी ते दुरुस्त करणे सोडून दिले.

भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट किती मोठी वाटावी, हे सांगायला नको. बोलींविषयीच्या आदराची भाषणे आम्ही परिसंवादांतून ऐकली आहेत, काही केलीही आहेत. येथे एक प्राथमिक शिक्षिका, कोणत्याही परिसंवादाला न जाता, बारा वर्षांच्या अवधीत आणि सहाशे पानांच्या प्रवासात एका निर्णयापर्यंत पोचलेली दिसत होती. तो निर्णय त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, लेकीलाही नाही. त्या असताना या वह्या आम्ही कितीतरी वेळा हाताळल्या होत्या, पण विचारायचे काय हेच तेव्हा ठाऊक नव्हते.

येथपर्यंतचे श्रेय दुसऱ्या पडद्याला द्यायला हवे. परंतु त्याच्या येण्याने घरातले एक नेहमीचे काम बंद पडले, तेही सांगितले पाहिजे. एका पडद्याच्या दिवसांत आमच्यापैकी एक वहीतून मोठ्याने वाची आणि दुसरे टंकित ओळ पाही. दोन पडदे झाल्यावर हे काम एकट्याने होऊ लागले. वेळ वाचला, अचूकता वाढली. वाढायचीच होती, कारण ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, ते डोळ्यालाच दिसते. मराठी उच्चारात शब्दान्तीच्या इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद जवळजवळ उरतच नाही. मोठ्याने वाचून तो कसा तपासणार? पण घर गप्प झाले. दुसऱ्या पडद्याने जागा घेतली होती ती दुसऱ्या माणसाची.

म्हणून दोन्ही वेळच्या कामांनंतर, रात्री, त्या दिवशीचे टंकलेले मोठ्याने वाचायचे असे आम्ही ठरवले. आणि डोळ्यांना जे मिळाले नव्हते ते तेथे कानांना मिळाले. पहिल्या वहीतील एका ओवीत एका ओळीच्या अखेरीस ‘माया’ हा शब्द आहे, आणि तिच्या जोडीच्या ओळीच्या अखेरीस ‘डोळा’. वहीत ‘डोळा’ स्वच्छ लिहिलेला आहे. खाडाखोड नाही, शंकेला जागा नाही. डोळ्यांनी तो शब्द शंभरदा पाहिला तरी काही अडत नव्हते. वाचताना मात्र यमक तुटले. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’ नव्हे, ‘डोया’. ‘माया’ आणि ‘डोया’. सांगणारीने नक्कीच ‘डोया’ म्हटले असणार. येथे लेखणी खोडायलाही थांबली नव्हती; कानावर पडलेला शब्द कागदावर येण्याआधीच बदलला होता. तो बदल कोणत्याही पडद्यावर दिसणे शक्य नव्हते.

ध्वनिमुद्रण असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. तेथे लिखित पाठाविषयी शंका आली तर गाणारीचाच आवाज साक्षीला आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधील ओव्यांना ती सोय नाही, आणि आमच्या तीन वह्यांनाही नाही. आवाज ऐकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने जे लिहिले तेवढेच आपल्यापाशी आहे.

राहता राहिला प्रश्न पुस्तिकेत काय छापायचे याचा. त्यावर आमच्यात कित्येक दिवस मतभेद होता. एक पक्ष असा: संहिता म्हणजे लिहिणाऱ्याचा अंतिम हस्त, आईंनी ‘माह्या’ खोडून ‘माझ्या’ केले, तर ‘माझ्या’च छापले पाहिजे, खोडलेला शब्द उकरून काढण्याचा अधिकार लेकीला आणि जावयाला कोणी दिला? दुसरा पक्ष असा: या ओव्या आईंच्या नव्हेत, सांगणाऱ्या बायकांच्या आहेत; आई लेखनिक; लेखनिकाची दुरुस्ती तळटीपेत जाते, संहितेत नाही. दोन्ही बाजू पाठचिकित्सेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील अशा. पण आईच्या हस्ताक्षरासमोर बसून त्या मांडणे वेगळे असते. आपल्या आईला लेखनिक म्हणताना एकीचा आवाज एकदा कापलाही.

निकाल शेवटी वह्यांनीच दिला. अंतिम हस्त पाहायचा तर तो एका शब्दापुरता पाहून चालणार नाही, तिन्ही वह्यांचा पाहिला पाहिजे. आणि तिसऱ्या वहीत त्यांनी दुरुस्ती सोडून दिलेली आहे. तेव्हा त्यांच्याच अखेरच्या रीतीने पहिल्या वहीकडे पाहावे, असे दोघांनाही पटले. ज्या ठिकाणी खोडलेला शब्द वाचता येतो, तेथे तोच वर, आणि त्यांची दुरुस्ती खाली तळटीपेत, ‘वहीत नंतर’ अशा खुणेने. ‘डोळा’सारख्या ठिकाणी मात्र संहितेत ‘डोळा’च राहील, कारण वहीत तोच आहे, ‘डोया’ हा आमचा तर्क, म्हणून तो तळटीपेत, यमकाचा पुरावा देऊन. खोडलेला शब्द हा पुरावा आहे आणि न लिहिलेला शब्द हे अनुमान. दोहोंना एकच जागा देता येत नाही.

सेटिंगमध्ये दोन पडद्यांपैकी एकाला मुख्य ठरवावे लागते. नवी खिडकी बहुधा तेथे उघडते. आमच्याकडे अजून उभा पडदाच मुख्य आहे. टंकनाच्या पडद्यावर शब्दाखाली लाल रेघा येत होत्या; शब्दतपासणी बंद केल्यावर त्या गेल्या. दुसरी वही आता संपत आली आहे. तिच्या मध्यावर एका ओवीत ‘माझ्या’ आणि ‘माह्या’ दोन्ही आले आहेत, एकाच ओळीत, खाडाखोड न करता. तेथे यमक नाही, शाई तीच आहे, आणि सांगणारीने दोन्ही म्हटले असणेही अशक्य नाही. ती ओळ दोन्ही शब्दांसह आहे तशी टंकली आहे, आणि तिच्याखाली तळटीप दिलेली नाही.